आधी शिक्षकाला व्याकरण द्या

दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणारे चार शिक्षक एकत्र बसले आणि वर्गात व्याकरण शिकवावं का हा विषय निघाला, की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, व्याकरण हा पाया आहे, तो कच्चा राहिला तर वरचं सगळं डळमळीत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, व्याकरणामुळेच मुलांच्या तोंडाला कुलूप लागतं. त्यांना ऐकू द्या, बोलू द्या, भाषा आपसूक येईल. अभ्यासक्रम ठरवणारी मंडळीही आलटून पालटून या दोन बाजूंना झुकत आली आहेत. कधी व्याकरणाचे धडे वाढतात, कधी व्याकरण वेगळं शिकवूच नका अशी सूचना निघते.

मला मात्र या दोन्ही तटांत एक विलक्षण साम्य दिसतं. दोघांच्याही मनात व्याकरण म्हणजे नियमांची यादी. एकाला ती फळ्यावर लिहायची असते, दुसऱ्याला ती पुसून टाकायची असते, पण यादी तीच. आणि थोडं खोलात शिरून विचारलं की दोघांचीही अडचण बऱ्याचदा एकच निघते: इंग्रजी व्याकरण नेमकं कसं चालतं हे त्यांना स्वतःलाच पुरेसं उलगडून कोणी दाखवलेलं नसतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की व्याकरण शिकवण्याबद्दलचा शिक्षकांचा दृष्टिकोन पद्धतींची व्याख्यानं देऊन बदलणार नाही. तो बदलायचा असेल तर शिक्षकाच्या हाती आधी व्याकरण द्यायला हवं. पाठ केलेलं नव्हे, समजलेलं.

दृष्टिकोन येतो कुठून, हे आधी पाहू. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये शिक्षकी पेशाबद्दल लिहिताना एक साधी गोष्ट दाखवून दिली. शिक्षक होणारा माणूस प्रशिक्षण घ्यायला येतो तेव्हा कोरा नसतो. त्याने आयुष्यातले हजारो तास विद्यार्थी म्हणून बाकावर बसून शिक्षकांना पाहिलेलं असतं आणि शिकवणं म्हणजे काय याची त्याची कल्पना तिथेच घट्ट झालेली असते. प्रशिक्षणाचे थोडे महिने त्या कल्पनेला फारसे हलवू शकत नाहीत. पुढे सायमन बोर्ग यांनी भाषाशिक्षकांच्या मनातल्या समजुतींवर झालेलं संशोधन २००३ मध्ये एकत्र मांडलं, त्यातही हाच धागा आहे. शिक्षक कसं शिकवतो यावर तो स्वतः कसा शिकला याची छाप फार खोल असते.

व्याकरणाच्या बाबतीत ही छाप कशाची असते? व्याख्या, तक्ता, उदाहरण, अपवाद, सराव. हा साचा लॅटिन शिकवण्याच्या परंपरेतून इंग्रजीकडे आला. लिंडली मरे यांचं १७९५ सालचं इंग्रजी व्याकरण पिढ्यान् पिढ्या शाळांतून चाललं, आणि ते ज्यांची मातृभाषा इंग्रजी होती अशांसाठी लिहिलेलं होतं. बोलता येणाऱ्याला शिष्ट भाषा शिकवायची, हा त्या प्रकारच्या पुस्तकांचा हेतू. बोलताच न येणाऱ्याला भाषा शिकवणं हे काम पूर्ण वेगळं आहे, पण साचा तोच वापरात राहिला. तो सोपा पडतो हेही खरं. साठ मुलांच्या वर्गात नियम सांगितला की वर्ग शांत राहतो, वही भरते, उत्तर एकच असतं आणि ते तपासता येतं.

आता एक तास जवळून पाहू. एका वर्गात मागच्या बाकावर बसून मी हा तास ऐकला आहे. विषय होता 'सम' आणि 'एनी'. फळ्यावर नियम लिहिलेला: होकारार्थी वाक्यात 'सम', नकारार्थी आणि प्रश्नार्थी वाक्यात 'एनी'. रिकाम्या जागा भरून झाल्या. मग एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "सर, पुस्तकात 'वुड यू लाइक सम हेल्प?' असं वाक्य आहे. हा तर प्रश्न आहे ना?" सरांनी पुस्तक पाहिलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तो अपवाद आहे. लक्षात ठेवा." मुलीने वहीत 'अपवाद' असं लिहून त्याखाली रेघ ओढली.

त्या शिक्षकांनी तास मन लावून घेतला होता, मुलांचं त्यांच्यावर प्रेम होतं, आणि तरीही त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न तिथेच विझला. कारण तो अपवाद नव्हताच. 'सम' म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात काहीतरी ठरावीक, मर्यादित असं असतं. मदतीची तयारी आहे, ती घेतली जावी अशी अपेक्षा आहे. 'एनी'मध्ये मर्यादा नसते. कोणतंही, कितीही, असलं तर. म्हणून मदत देऊ करताना 'सम' येतं आणि 'एनी चाइल्ड कॅन टेल यू दॅट' या धडधडीत होकारार्थी वाक्यात 'एनी' येतं. एवढं कळलं की दोन्ही वाक्यं एकाच तत्त्वात बसतात आणि फळ्यावरच्या नियमाची गरजच फारशी उरत नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण शिक्षकांना हे कधी कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या शिक्षकांनीही त्यांना तोच नियम आणि तोच अपवाद दिला होता.

अशा प्रसंगांतून शिक्षक पुढे दोनपैकी एका वाटेला लागतो, असं मला अनेकांशी बोलून वाटत आलं आहे. एक जण नियम आणखी घट्ट धरतो, प्रश्न येणारच नाहीत अशा बेताने तास बांधतो, कारण प्रश्न आला की पायाखालची जमीन सरकते. दुसरा व्याकरणाचा विषयच टाळतो आणि त्या टाळण्याला 'संवादात्मक पद्धत' असं नाव देतो. बाहेरून पाहिलं तर हे दोघे एकमेकांचे विरोधक. आतून दोघांनाही त्याच प्रश्नाची धास्ती आहे.

बोर्ग यांचा २००१ सालचा एक छोटा अभ्यास इथे आठवतो. दोनच शिक्षक, दोघेही अनुभवी. स्वतःच्या व्याकरणज्ञानाबद्दल खात्री असलेला शिक्षक मुलांनी वर्गात ऐनवेळी काढलेल्या व्याकरणाच्या मुद्द्यांना सहज हात घालत होता, त्यावर चर्चा घडवत होता. ज्याला ती खात्री नव्हती तो असे प्रसंग टाळत होता. दोन शिक्षकांवरून जगाचा निष्कर्ष काढता येत नाही हे मान्य. पण ज्यांनी ज्यांनी शिक्षकांचे तास पाहिले आहेत त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

व्याकरण मुद्दाम शिकवूच नये म्हणणाऱ्यांच्या मागे एक भक्कम नाव आहे, अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मांडलं की भाषा 'शिकणं' आणि भाषा 'अंगवळणी पडणं' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. समजेल असं भरपूर ऐकायला-वाचायला मिळालं की भाषा अंगवळणी पडते, आणि नियमांचं ज्ञान फार तर लिहिलेलं तपासायला उपयोगी पडतं. या मांडणीने जगभरच्या वर्गांचं भलं केलं यात मला शंका नाही. मुलांच्या कानावर अर्थपूर्ण इंग्रजी पडायला हवं, ही गोष्ट तिच्यामुळे ठसली.

पण त्याच सुमारास कॅनडातून वेगळी बातमी येत होती. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट इथे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी फ्रेंच माध्यमाचे वर्ग सुरू झाले. गणित, विज्ञान, सगळं फ्रेंचमधून. पुढे असे वर्ग देशभर पसरले. समजेल असं भरपूर ऐकायला मिळण्याची यापेक्षा चांगली सोय शाळेत होणं कठीण. मुलांना ऐकून आणि वाचून समजण्याच्या बाबतीत फ्रेंच मातृभाषेच्या मुलांच्या जवळपास जाता आलं. बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण मात्र वर्षानुवर्षांनंतरही लंगडंच राहिलं. नामांची लिंगं चुकत, क्रियापदांची रूपं चुकत. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावर लिहिताना म्हटलं की नुसतं समजून घेताना वाक्यरचनेकडे लक्ष न देताही भागतं. स्वतः बोलायची-लिहायची वेळ आली की मगच माणूस रचनेशी झुंजतो. अर्थ कळला की कान रूपाकडे दुर्लक्ष करतो, हा अनुभव परकी भाषा शिकलेल्या प्रत्येकाचा आहे. 'ही गोज' ऐकताना 'गो' एवढं ऐकलं तरी काम होतं. शेवटचा 'ज' निसटला तरी काही बिघडत नाही. म्हणून तो निसटतच राहतो.

२००० साली जॉन नॉरिस आणि लुर्देस ओर्तेगा यांनी १९८० ते १९९८ या काळातले ४९ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा, की भाषेच्या रूपाकडे मुद्दाम लक्ष वेधलं तर ठळक फायदा होतो, आणि नियम उघड करून दाखवण्याचा फायदा न दाखवण्यापेक्षा जास्त दिसतो. त्यांनी एक सावधगिरीही नोंदवली: यातल्या बऱ्याच अभ्यासांतल्या चाचण्या नियम आठवून सोडवता येतील अशा होत्या, मोकळ्या बोलण्याच्या चाचण्या कमी होत्या. तेव्हा नियम सांगा आणि मोकळे व्हा, असा परवाना त्यातून मिळत नाही. पण व्याकरण मुद्दाम शिकवणं निरुपयोगी आहे असं आज कोणी ठामपणे म्हणत असेल, तर तो पुराव्याच्या विरोधात बोलतो आहे.

आपल्याकडच्या एका प्रयोगाचा दाखला या वादात नेहमी अर्धवट दिला जातो, त्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांतून जो प्रकल्प चालवला, तो बंगलोर प्रकल्प म्हणून जगभर ओळखला जातो. मुलांना नकाशे, वेळापत्रकं, तर्काची कोडी अशी कामं द्यायची, व्याकरणाचा धडा म्हणून काही घ्यायचं नाही, ही त्याची रीत. 'बघा, प्रभूंनी व्याकरण काढून टाकलं' असं म्हणून त्याचा हवाला देतात. पण प्रभूंचं उद्दिष्ट व्याकरणाची पकड हेच होतं. रूपावर लक्ष न ठेवता अर्थाशी झटापट करताना ही पकड अधिक चांगली येते, असा त्यांचा कयास होता. तो कयास सर्वांना पटला असं नाही. उद्दिष्टाबद्दल मात्र ते अजिबात ढिले नव्हते. याच प्रभूंनी १९९० मध्ये लिहिलं की सर्वोत्तम अशी कोणतीही एक पद्धत नसते. शिक्षकाला आपलं शिकवणं कशामुळे शिकण्यात उतरतं याची स्वतःची एक जाण असते; ती जागी असेल तर शिकवणं जिवंत राहतं, ती गोठली की कोणतीही पद्धत यांत्रिक होते. मला वाटतं, व्याकरणाच्या बाबतीत शिक्षकांची ही जाण गोठते ती माहितीच्या अभावी. ज्याच्याकडे नियम आणि अपवाद एवढंच आहे त्याने कशाच्या आधारावर विचार करायचा?

समज असेल तर तास कसा बदलतो, हे पॅसिव्हच्या, म्हणजे कर्मणी रचनेच्या उदाहरणातून स्पष्ट होईल. हा धडा जगभर जवळपास एकाच तऱ्हेने होतो. कर्म पुढे आणा, 'टू बी'चं योग्य रूप घाला, क्रियापदाचं तिसरं रूप लिहा, कर्त्याला 'बाय' लावून शेवटी टाका. 'द बॉय रोट अ लेटर'चं 'अ लेटर वॉज रिटन बाय द बॉय'. अशी वीस वाक्यं. मुलं ती अचूक करतात, गुण मिळवतात, आणि पॅसिव्ह कधी वापरायचं हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. उलट दोन्ही वाक्यं म्हणजे एकच, फक्त उलटी केलेली, असा चुकीचा समज पक्का होतो.

प्रत्यक्षात इंग्रजीतल्या बहुतांश पॅसिव्ह वाक्यांत 'बाय' नसतंच. कर्ता माहीत नसतो, 'माय बाइक वॉज स्टोलन'. किंवा सांगायची गरज नसते, 'द सोल्युशन वॉज हीटेड'. किंवा सांगायचा नसतो. १९८७ साली अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणाबद्दल काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे बोलले तेव्हा त्यांच्या भाषणात 'सीरियस मिस्टेक्स वर मेड' असे शब्द होते. गंभीर चुका झाल्या. कोणाकडून, ते वाक्यात नाही. हे एक वाक्य फळ्यावर लिहा आणि वर्गाला विचारा, चुका कोणी केल्या? हे वाक्य असंच का लिहिलं असेल? कर्ता घालून लिहा, आता कसं वाटतं? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे पटकन कळतं, कारण 'काच फुटली' आणि 'मी काच फोडली' यातला फरक त्यांना घरी चांगलाच माहीत असतो. त्यानंतर एखाद्या बातमीतली पॅसिव्ह वाक्यं शोधायला सांगा, प्रत्येकापुढे कर्ता का गाळला असेल ते लिहायला सांगा. रूपाचा सराव यातही होतो, भरपूर होतो. पण आता रूपाला कारण मिळालेलं असतं.

डायान लार्सन-फ्रीमन यांनी व्याकरणाच्या तीन बाजू सांगितल्या आहेत: रूप, अर्थ आणि वापर. रचना कशी होते, तिचा अर्थ काय, आणि ती कधी, का निवडायची. आपण शिकवतो ते बहुतेक पहिलं, थोडं दुसरं. तिसऱ्यापाशी आलो की 'वाचनातून कळेल' म्हणून सोडून देतो. वास्तविक शिकणाऱ्याला सर्वांत जास्त अडचण बऱ्याचदा तिथेच असते.

चुकांबद्दलच्या दृष्टिकोनात तर हा प्रश्न सर्वांत उघडा पडतो. 'शी गो टू स्कूल' असं लिहिलेली वही शिक्षकाच्या हाती आली की पहिली प्रतिक्रिया असते, हे तर पाचवीत शिकवलं होतं! मग आळस, दुर्लक्ष, कच्चा पाया असे शेरे. पण क्रियापदाला लागणारा हा 'स' इंग्रजीत उशिरा अंगवळणी पडणाऱ्या गोष्टींपैकी आहे. हायडी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी १९७४ मध्ये स्पॅनिश आणि चिनी मातृभाषेच्या मुलांच्या इंग्रजीची तुलना केली तेव्हा दोन्ही गटांचा रूपं आत्मसात करण्याचा क्रम बराच सारखा निघाला, आणि हा 'स' त्यात मागे होता. नियम सांगायला एक ओळ पुरते म्हणून तो पाठ्यपुस्तकात लवकर येतो. बोलण्यात मात्र तो उशिरा येतो. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच सांगून ठेवलं होतं की चुका म्हणजे शिकणाऱ्याच्या मनात या क्षणी भाषेची कोणती व्यवस्था तयार झाली आहे याचा पुरावा. 'आय वेंट'ऐवजी 'गो'ला 'एड' जोडून 'आय गोड' लिहिणाऱ्या मुलाला भूतकाळाचा नियम कळला आहे. 'गो' त्या नियमात बसत नाही एवढंच त्याला अजून कळायचं आहे. ज्या शिक्षकाला हे दिसतं त्याचा शेरा वेगळा असतो.

१९८२ साली आर्थर ह्यूज आणि क्रिसूला लास्करातू यांनी ग्रीक इंग्रजी-शिक्षक, इंग्रजी मातृभाषेचे शिक्षक आणि शिक्षक नसलेले इंग्रजी भाषक अशा तीन गटांना विद्यार्थ्यांच्या चुकांची वाक्यं दिली आणि कोणती चूक किती गंभीर ते ठरवायला सांगितलं. सर्वांत कडक ठरले ते ग्रीक शिक्षक, आणि त्यांचा निकष होता नियम मोडला का. शिक्षक नसलेल्यांचा निकष होता, वाक्य समजतं का. यात ग्रीक शिक्षकांना कमी लेखण्याचं कारण नाही. ज्याने भाषा नियमांवरून मिळवली आहे त्याला नियमाचीच खात्री वाटणार. बोलीचा कान पक्का नसेल तर नियम हाच आधार. पण मग त्या शिक्षकाची वही तपासण्याची लाल शाई 'द' गाळल्याबद्दल जितकी सांडते तितकीच, अर्थच उलटा करणाऱ्या चुकीवरही. विद्यार्थ्याला दोन्हींतला फरक कळेनासा होतो.

म्हणून चुका दुरुस्तच करू नयेत का? तसं अजिबात नाही. रेनेट शुल्झ यांनी अमेरिकेत आणि नंतर कोलंबियात विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही विचारलं, तेव्हा व्याकरण आणि चुकांची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांनाच शिक्षकांपेक्षा जास्त हव्या होत्या. दुरुस्तीने मुलं खचतात म्हणून गप्प बसणाऱ्या शिक्षकाने एकदा आपल्या मुलांना विचारून पाहावं. प्रश्न दुरुस्ती कशी करायची हा आहे. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत पाहिलं की शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा मुलाचं चुकलेलं वाक्य स्वतःच बरोबर म्हणून पुढे जात होते, आणि त्याला मुलांकडून काही प्रतिसाद येई तो जेमतेम तीनातून एकदा. मुलांना वाटतं, सर 'हो' म्हणाले. याउलट शिक्षक थांबला, अर्धं वाक्य बोलून उरलेलं मुलाकडून काढून घेतलं, तर प्रतिसाद हमखास येत होता. पण मुलाकडून बरोबर रूप काढून घ्यायचं तर कोणता दुवा द्यायचा, कुठे थांबायचं, हे शिक्षकाला त्या क्षणी सुचावं लागतं. इथेही पुन्हा समजच कामी येते.

आता त्या शिक्षकाच्या बाजूची एक जमेची गोष्ट, जिच्याकडे आपण दुर्लक्ष करतो. इंग्रजी स्वतः दुसरी भाषा म्हणून शिकलेल्या शिक्षकाला व्याकरणाच्या बाबतीत एक मोठा फायदा असतो. हंगेरीचे पेटर मेद्येश यांनी १९९४ मध्ये हे ठासून मांडलं: अशा शिक्षकाने तो रस्ता स्वतः चाललेला असतो, अडचण कुठे येणार हे त्याला आधीच दिसतं, आणि विद्यार्थ्याची मातृभाषा त्याच्या हाताशी असते. मराठी मुलांना 'अ' आणि 'द' शिकवताना हे करून पाहण्यासारखं आहे. मराठीत आर्टिकल नाही, जसं रशियन, जपानी, चिनी भाषांतही नाही. पण 'मी मुलगी शोधतोय' आणि 'मी मुलीला शोधतोय' या दोन वाक्यांतला फरक कोणत्याही मराठी मुलाला विचारा. पहिल्यात मुलगी कोण ते ठरलेलं नाही, कदाचित लग्नाची गोष्ट आहे. दुसऱ्यात एक विशिष्ट मुलगी दिसेनाशी झाली आहे. ठरलेलं आणि न ठरलेलं हा भेद मुलाच्या मनात आधीपासून आहे. मराठी तो इथे एका प्रत्ययातून दाखवते, इंग्रजी आर्टिकलमधून. हे पाच मिनिटांत दाखवता येतं, आणि आर्टिकलच्या वीस नियमांपैकी निम्मे त्यातून उलगडतात. तसंच 'मी त्याला काल पाहिलं आहे' हे मराठीत चालतं म्हणून मूल 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' लिहितं. ही चूक मराठीच्या शिस्तीतून आलेली आहे, बेशिस्तीतून नव्हे, हे ज्या शिक्षकाला दिसतं तो मुलाला आळशी म्हणणार नाही. दुर्दैवाने अनेक ठिकाणी इंग्रजीच्या तासाला मातृभाषेचा शब्दही काढू नका असं शिक्षकांना बजावलं जातं, आणि त्याच्याकडचं सर्वांत चांगलं साधन काढून घेतलं जातं.

शिक्षक मुलाखतीत एक सांगतात आणि वर्गात दुसरं करतात, ही तक्रार या क्षेत्रात जुनी आहे. संवादावर विश्वास आहे म्हणतात आणि तासाला नियम लिहितात. मला ती ढोंगाची तक्रार वाटत नाही. परीक्षा नियम विचारते, पालक वहीत नियम शोधतात, वर्गातली मुलंही 'सर, नियम सांगा' म्हणतात. शिक्षकाचा विश्वास एकीकडे आणि त्याच्यावरचे दाब दुसरीकडे, यात वर्तन दाबांच्या बाजूला जातं. म्हणून परीक्षेचा प्रश्न बाजूला ठेवून शिक्षकाला उपदेश करणं अन्यायाचं आहे. वाक्य पॅसिव्हमध्ये बदला, असा प्रश्न एका गुणाला येत राहील तोवर ती वीस वाक्यं फळ्यावर येत राहणार. त्याऐवजी एक छोटा उतारा देऊन, अधोरेखित वाक्यात कर्ता का गाळला आहे, किंवा या दोन वाक्यांपैकी पुढच्या ओळीला जोडून कोणतं शोभेल आणि का, असं विचारलं तर तास बदलायला लागतील. असे प्रश्न तपासणं अवघड आहे हे खरं, अशक्य नाही.

एक आक्षेप नेहमी येतो: शिक्षकाला जास्त व्याकरण शिकवलं तर तो वर्गात जास्त व्याकरण सांगेल, आणि आपण जिथे होतो तिथेच परत येऊ. मला याची भीती वाटत नाही. लांबलचक नियम सांगतो तो बऱ्याचदा ज्याला काय गाळायचं हे ठरवता येत नाही तो. ज्याला रचना आतून माहीत आहे त्याला एका वाक्यात सांगून थांबता येतं, किंवा काहीच न सांगता दोन उदाहरणं शेजारी मांडून मुलांकडून काढून घेता येतं. आता तर चुका दुरुस्त करणारी यंत्रं प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत, मग शिक्षकाला हे कशाला, असंही विचारतात. यंत्र 'हॅव सीन'चं 'सॉ' करून देतं आणि मूल ते जसंच्या तसं उतरवून घेतं. तुला काय म्हणायचं होतं, हे त्याला विचारणारा माणूस वर्गातच हवा.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात आज अध्यापनशास्त्र असतं, मूल्यमापन असतं, साधनांचा वापर असतो. इंग्रजी भाषा कशी चालते याला मात्र जागा तोकडी, कारण ते शिक्षकाला येतंच असं गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतक सोडून द्यायला हवं, आणि ते शिक्षकाचा अपमान न करता सोडता येतं. शिक्षकांनी आपल्याच वर्गाच्या वह्यांतली चुकलेली वाक्यं घेऊन यावीत, नावं झाकून. ती गटात ठेवून विचारावं: या मुलाच्या मनात कोणता नियम आहे? तो कुठून आला? यातली कोणती चूक आज धरायची आणि कोणती सोडून द्यायची? शेजारी एक चांगला व्याकरणग्रंथ आणि खऱ्या वापरातल्या वाक्यांचा साठा असावा, म्हणजे नियम पुस्तकात असा का लिहिला आहे हे तपासता येईल आणि गरज पडली तर पुस्तकाशी वादही घालता येईल. प्रमुखाने सांगितलेलं उत्तर उतरवून घेण्याची तिथे सोय नसावी. आणि 'मला हे माहीत नाही, उद्या बघून सांगतो' असं वर्गात म्हणण्याची मुभा शिक्षकाला वरिष्ठांनी उघडपणे द्यावी, म्हणजे पुढची मुलगी 'वुड यू लाइक सम हेल्प?'बद्दल विचारेल तेव्हा तिला दुसऱ्या दिवशी खरं उत्तर मिळेल.